चावडीच्या भिंतीवरचे पाय

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पण चाकणजवळच्या आमच्या गावात माझ्या शब्दाला वजन. जुन्या दगडी चावडीची किल्लीही माझ्याकडेच.

पुण्याची एक मुलगी आली. म्हणाली, "बाबा, व्हिडिओ इथंच काढायचा आणि याच चावडीच्या भिंतीवर दाखवायचा." मी किल्ली दिली. ओट्यावर बसून कॅमेऱ्यासमोर भरपूर बोललोही.

दाखवायच्या दिवशी फेटा बांधून पुढच्या खुर्चीत बसलो. शेजारच्या जुन्या सोबत्याला सांगून ठेवलं होतं, भिंतभर मीच दिसणार म्हणून.

दिवे मालवले. भिंतीवर आले ते बाईचे पाय. अनवाणी, पुरुषभर उंच. डंपरांनी उखडलेल्या रस्त्यावरच्या खडीतून चालत होते. वर हातात चपला लोंबत होत्या. अंगठ्याला बांधलेली चिंधी मी ओळखली. माझ्याच जुन्या धोतराची. पाय बायकोचे होते.

आणि आवाज माझा. "आमच्या गावात अजून रीत हाय. चावडीम्होरनं जाताना बाया चपला हातात घेत्यात. आमच्या घरातलीबी. सांगावं लागत न्हाई!" त्यावर हसू. तेही माझंच.

पाय खडीवर अडखळले. मग व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पाय, पुन्हा मी, पुन्हा ते हसू.

सोबती कानाशी म्हणाला, "दिसला न्हाईस राव, पर वळखू आलास."

मुलीवर ओरडावंसं वाटलं. पण तिनं पदरचं काय घातलं होतं? मागं बघितलं तर बायको उंबऱ्याबाहेर उभी. चपला हातात.

घरी विचारलं, "पाय दुखतो का गं?"

"आज इचारताय व्हय?" ती भाकरी थापत म्हणाली. "चावडीपुरताच दुखतो. पल्याड गेलं की घालतेच की चपला."



दुसऱ्या दिवशी सकाळी ती गिरणीला निघाली. तिच्या काखेतला डबा मी घेतला आणि सोबत चालू लागलो. चावडीच्या कोपऱ्यावर ती सवयीनं वाकली.

"राहू दे पायात," मी म्हणालो.

"अवं, समदी बसल्यात तिथं."

"बसू देत."

ती सरळ होईना. मग मी तिचा दंड धरला आणि ओट्यावर कोण कोण बसलंय ते न बघता तिला पायातल्या चपलांसकट गिरणीपर्यंत नेलं.