काउंटरवरचा लाल दिवा

आज सकाळी दारावरची बेल वाजली आणि साठच्या दशकातला फ्रँकफर्टचा तो बार आठवला. मी पुण्याहून शिकायला आलेलो. रविवारी दुपारी बेल दाबली, तर दाराच्या झरोक्यातून कुणीतरी मला नीट न्याहाळलं आणि मग आत घेतलं. ओल्या लोकरी कोटांचा वास होता. सगळे पुरुष मुकाट्यानं पत्ते खेळत होते, पण कोपऱ्यातली रेकॉर्ड नाचाची होती. "कोणी पाठवलं?" मालकिणीनं विचारलं. "कोणीच नाही," म्हटल्यावर माझ्या शेजारी कोणी बसेना. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाला तेव्हा तुरुंग होता आणि पोलिसांचे खबरे असेच एकटे यायचे. बऱ्याच वेळानं दोघं नाचायला उठले, तेही माझ्यावर नजर ठेवून. तेवढ्यात बेल वाजली, काउंटरवरचा लाल दिवा लागला, नाचणारे झटकन टेबलांशी परतले. एक जण माझ्यासमोर बसला आणि हातात पत्ते कोंबत पुटपुटला, "धर, खेळ." पोलीस आले, बघून गेले. तो कायदा जाऊनही आता वर्षं झाली. पत्ते देणारा तो माणूस आज सोफ्यावर माझ्या शेजारीच होता, तरी बेल वाजताच मी त्याचा हात सोडला. "पोस्टमन असेल," तो म्हणाला. मी आधी पडद्याआडून बघून घेतलं.