ओवाळणी वाटेत आहे

आमच्या घराण्यातला पहिला ऑनलाइन व्यवहार कुंकू लावून, अक्षता टाकून आणि निरांजन ओवाळून झाला. तरी तो त्या दिवशी पूर्ण झाला नाही!

दोन हजारच्या दशकातली ती शेवटची वर्षं. मी देवासला एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो आणि माझी थोरली बहीण, शोभाताई, धारला दिलेली. दर भाऊबिजेला मी सकाळी निघायचो, इंदूरला बस बदलायचो आणि जेवणवेळेला धारला पोचायचो. तोवर ताई उपाशी. मला ओवाळलं, तबकात ओवाळणी पडली, की मगच ती तोंडात घास घालायची. हा तिचा लहानपणापासूनचा नेम. (लहानपणी ओवाळणीचं नाणंसुद्धा बाबाच माझ्या मुठीत कोंबायचे, पण नेम म्हणजे नेम.)

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत कारखान्याच्या बॉयलरची दुरुस्ती निघाली आणि नेमकी भाऊबिजेला माझी ड्यूटी लागली. मी ताईला फोन केला.

"मग त्यात काय एवढं?" ताई म्हणाली. "जिचा भाऊ येत नाही ती चंद्राला ओवाळते. मी पण संध्याकाळी चंद्राला ओवाळीन न् जेवीन. तू टेन्शन नको घेऊ, ड्यूटी कर."

इथे फोन ठेवला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. पण मी नुकतंच इंटरनेट बँकिंग सुरू करून घेतलं होतं. एकदा विजेचं बिल खुर्चीत बसल्या बसल्या भरलं होतं आणि तेव्हापासून रांगेत उभ्या असलेल्या माणसांकडे मी जरा दयेनेच बघायचो.

"चंद्र कशाला, ताई? मी सकाळी ऑफिसातून एक बटण दाबतो. पैसे सीधे तुझ्या खात्यात! तुझ्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला की ओवाळणी पडली समज आणि गरमागरम पोहे-जलेबी खा."

"पण मग ओवाळू कुणाला?"

"मोबाइलला!" मी म्हटलं आणि जोरात हसलो. ताई हसली नाही. विनोद समजून घेण्यापेक्षा भावाचं ऐकण्याची तिला जास्त सवय!

भाऊबिजेच्या सकाळी मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरसमोर बसून तिच्या घरच्या लँडलाइनवर फोन लावला. भावोजींनी उचलला.

"या सुधीरराव! म्हणजे, आलातच तुम्ही. पाटावर बसलाय."

पाटावर मोबाइल होता. सभोवती रांगोळी, समोर तबक. भावोजी मला फोनवरून सगळं सांगत होते. ताईने स्क्रीनच्या वर कुंकू लावलं. अक्षता टाकल्या. (त्यातली एक पाचच्या बटणाखाली गेली आणि त्यानंतर त्या फोनवर पाच हा आकडा कधी उमटला नाही.) मग निरांजन घेऊन ती ओवाळू लागली, आणि भावोजी ओरडले, "हां, दाबा!"

मी बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'आपली विनंती स्वीकारली आहे' असं आलं. माझा ऊर भरून आला.

"पाठवले! आता बघा."

आणि तिकडे टुंग!

"आला! आला मेसेज!" भावोजींनी टाळ्या वाजवल्या. ताईने लगबगीने चष्मा लावून मेसेज वाचला. फोनवर नवीन गाणं लावायचं असेल तर तीन दाबा, असं त्यात लिहिलं होतं.

"हे पैसे नाहीत रे," ताई लांबून म्हणाली.

"येतील. बस दोन मिनिट."

दोन मिनिटांचा अर्धा तास झाला. मला वाटलं, पैसे वाटेत कुठेतरी अडकले असणार. कारखान्यात पाइप चोंदला की आम्ही मागून जोर लावतो. मी मागून जोर लावला, म्हणजे तेवढीच ओवाळणी पुन्हा पाठवली! तीही स्वीकारली गेली. मग आणखी एकदा पाठवली. चौथ्यांदा पाठवू लागलो तेव्हा कॉम्प्युटर म्हणाला, खात्यात पुरेशी शिल्लक नाही. बोनस मी आधीच सढळ हाताने उडवला होता आणि उरलेला पगार तीन हप्त्यांत धारच्या दिशेने निघाला होता.

दुपार झाली. "ताई, तू जेव गं. पैसे निघालेत."

"निघालेत ना? मग येतील. मी थांबते."

"अगं, मग संध्याकाळी चंद्राला ओवाळ आणि मोकळी हो!"

"असं कसं?" ताई म्हणाली. "एकाला ओवाळायला घेतलं, ते अर्धवट ठेवून दुसऱ्याकडे वळू? चंद्राला काय वाटेल?"

भावोजींनी फोन घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, "सुधीरराव, सकाळी मी पण जोशात म्हणून गेलो, की तू जेवशील तेव्हाच मी जेवेन. जरा बघा ना काही."

मी बँकेच्या मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवल्यावर एक मुलगा बोलला.

"सर, आज भाईदूज है। बैंक की छुट्टी है। पैसा अगले वर्किंग डे को जाएगा।"

"पर उधर मेरी बहन भूखी बैठी है!"

"पेज पे नीचे लिखा रहता है, सर," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "मेरी भी राह देख रही होगी।"

मी पडद्यावर खाली पाहिलं. खरंच लिहिलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. आणि उद्या रविवार!

मी तसाच साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. साहेब पक्के माळव्याचे. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बेन भूकी बैठी है और तू यहाँ मशीन से खेल रिया है? बॉयलर मैं देख लूँगा। निकल भिया, निकल!"

मी धावत जाऊन बस पकडली. खिशात भाड्यापुरते पैसे होते, आणि इंदूरला उतरल्यावर तेही मोजून बघावे लागले. घाटाबिल्लोदच्या अलीकडे बस पंक्चर झाली. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बिजेची बारीक कोर मावळताना पाहिली आणि त्या चंद्राची मनातल्या मनात माफी मागितली.

धारला पोचलो तेव्हा दिवे लागून बराच वेळ झाला होता. ताई तबकापाशीच बसली होती. चेहरा सुकलेला, पण मला बघितल्यावर असा उजळला की मलाच लाज वाटली. भावोजींचा चेहरा मात्र फारसा सुकलेला नव्हता आणि त्यांच्या मिशीला जलेबीचा पाक लागला होता. (ताईने तो पाहिला होता. तरी नंतर तिने त्यांचंही पान वाढलं. मोठ्या मनाची बाई!)

ताईने मोबाइलला पाटावरून उठवलं, मला बसवलं, नव्याने वात लावली. कुंकू, अक्षता, सुपारी, सगळं यथासांग झालं. आणि मग मी खिशात हात घातला! आत बसचं तिकीट आणि पाच रुपयांचं एक नाणं. दिवसभर तिला उपाशी ठेवून मी तबकात पाच रुपये टाकणार होतो.

"ताई, मी भावोजींकडून..."

"टाक रे ते," ताई म्हणाली. "पोटात कावळे ओरडतायत."

नाणं तबकात खण्णकन वाजलं. ताईने ते कपाळाला लावलं, "पक्की पोचली बघ!" म्हणाली आणि पहिला घास मला भरवून मग स्वतः जेवली. एवढ्या उपासानंतर ती अशी हसत, गप्पा मारत जेवली, की मला तिचं अतोनात कौतुक वाटलं. मी तिच्या जागी असतो तर मी भावालाच खाल्लं असतं.

सोमवारी तिच्या फोनवर टुंग, टुंग, टुंग झालं. तिचा लगेच फोन आला.

"सुध्या, तीनदा का रे? तुझ्याकडे काय उरलं?"

"आहेत गं भरपूर," मी म्हटलं.

"ओवाळणी परत करता येत नाही," ती काळजीने म्हणाली आणि फोन ठेवला.

घरात तेव्हा किराणा संपला होता आणि पगाराला अजून अवकाश होता. बायको कपाळाला हात लावून फराळाचे डबे रोज नव्याने वाढत होती. आठवड्याभराने माझ्या मोबाइलवर टुंग झालं. पैसे आले होते, आणि पाठवणारी शोभाताई! मी चाट पडलो. तिने बँकेत जाऊन स्वतःचं ऑनलाइन खातं सुरू करून घेतलं होतं, कामाचा दिवस बघून, खालची मुंगीएवढी अक्षरं वाचून! मी घाईने कॉम्प्युटर उघडला. पैसे पाठवताना दोन शब्द लिहायची एक चौकट असते, ती मी तिन्ही वेळा कोरी सोडली होती. ताईने तिथे इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'ओवाळणी नाही, मुलांना खाऊ. जेवून घे.'

मी तेव्हा दुपारचं जेवण म्हणून चकलीचा चुरा चमच्याने खात होतो.