शिवणीचं वजन

इंदुरीचे आबा मिस्त्री सोमाटण्याच्या माझ्या कारखान्यात आठ वर्षं होते, आणि त्या आठ वर्षांत एक दिवसही मला त्यांच्याबद्दल माया वाटली नाही. लाकडाची फळी ते दोन्ही तळव्यांवर घेत, डोळे मिटत आणि वजन सांगत. काट्यावर तेच भरे. मग माझ्याकडे असं बघत, जणू काटा आणून मी मूर्खपणा केला होता.

आम्ही बास गिटार बनवायचो. गिऱ्हाइकांना सागवान हवं असे. जड लाकूड म्हणजे भारी आवाज, ही समजूत. आबा त्यांच्या तोंडावर म्हणत, "वाजवनार का वझं वाहनार? पाच किलो गळ्यात घालून तीन तास हुबं ऱ्हा, मंग सांग आवाज." पांगारा मागणाऱ्यालाही सोडत नसत. "लय हलका. हात सोडला की दांडा जमिनीकडं जातोय." त्यांचा जीव शिवणीच्या लाकडावर, ना जड ना हलकं. आणि मला, चारचौघांत: "मालक, तुमी फकस्त फोन उचला."

शिवणीची ओली फळी ते दर महिन्याला तोलत आणि कडेला पेन्सिलीने आकडा लिहीत. वाळताना वजन उतरतं. लागोपाठ दोन महिने आकडा तोच आला, तरच करवत. मी घाई केली की, "लाकडातलं तुमाला काय कळतंय?"

लोणावळ्याच्या एका हॉटेलात वाजवणाऱ्याचा खांदा धरला होता. त्याला हलकी बास हवी होती, तीही मोसमाआधी. त्या महिन्यात आबा तापाने घरी होते. फळ्या मी तोलल्या. वजन अजून उतरत होतं. मी मागचाच आकडा पुन्हा लिहिला. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आबांनी आल्या आल्या फळी तळव्यांवर घेतली. "लिवल्यापरीस हलकी लागतीय. अजून वाळतीय ही. काटा कुटंय?"

"दुरुस्तीला दिलाय. मीच तोललंय, आबा. तापाने हात गेलाय तुमचा."

काटा माझ्या घरी, कपाटात होता. आबा बराच वेळ आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी करवत घेतली. मला आसुरी आनंद झाला.

दोन महिन्यांत लाकूड आकसलं आणि बासचा मधला जोड उघडला. वाजवणारा कारखान्यात येऊन सगळ्यांदेखत आबांना बोलला, "ही बास आहे का फाटकी चप्पल?" आबांनी मला विचारलं, "काटा बरोबर व्हता ना?"

"होता."

"मंग माझाच हात चुकला." त्यांनी हत्यारं पोत्यात भरली. मी थांबा म्हटलं नाही. सुटलो, असंच वाटलं.

गेल्या वर्षी ते वारले. घरच्यांना भेटायला इंदुरीला गेलो. त्यांच्या मुलीने चहा पुढे केला.

"तुमच्याकडनं आल्यावर आबांनी करवत धरलीच न्हाई, भाऊ. पिठाचा डबा, कांद्याची पिशवी, काय बी उचलायचे अन् म्हनायचे, इतकं भरंल, काट्यावर घे गं. दर बारीला बरोबर यायचं. तरी इस्वास बसायचा न्हाई. असं का झालं असंल त्यांचं?"

मी म्हणालो, "वय झालं होतं."