प्रसेनजीतची घागर

प्रसेनजीत कांबळे माझा मित्र नव्हता. त्याच्या शोकसभेत ज्यांनी ज्यांनी त्याला जिवलग म्हटलं, त्यांतल्या निम्म्यांना त्यानं गाळ्यातून हाकलून दिलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. मी तसलं खोटं बोलणार नाही. चौदा वर्षं शिरोली नाक्याजवळ आमचे गाळे एका पत्र्याच्या आडोशानं शेजारी होते. माझा सीट कव्हरचा, त्याचा गाड्यांच्या काचांचा. या चौदा वर्षांत आम्ही सतत भांडलो, आणि भांडणाचं मूळ कायम एकच असायचं, त्याची ती तांब्याची घागर.

गाडीला काच बसवून झाली की हा मालकाला आत बसवायचा, दारं लावायचा, स्टुलावर चढायचा आणि वरून काचेवर पाणी ओतायचा. एका काचेला एक घागर. आतल्या माणसानं बोटांनी कडा चाचपायच्या आणि थेंब आला तर सांगायचं. ड्रायव्हर बसलेला चालायचा नाही, घरचं दुसरं कुणी चालायचं नाही. गाडी ज्याची तोच आत. मग तो डॉक्टर असो, वकील असो, नाहीतर एमआयडीसीतला फौंड्रीवाला असो. ते सगळं पाणी उतारानं माझ्या गाळ्यात यायचं आणि माझं रेक्झिन भिजायचं. ‘लेका, पाइप लाव की, ड्रायव्हरला बसव की,’ मी शंभरदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. तो म्हणायचा, “आत बसल्याबिगर कळत न्हाय.”

शहाण्णव साली दिवाळीच्या तोंडावर माझा अख्खा तागा भिजला, तेव्हा मी जाऊन त्या घागरीला लाथ घातली. तिला पोचा पडला. प्रसेनजीतनं सात महिने माझ्याशी बोलणं टाकलं. पोचा त्यानं काढून घेतला नाही. घागर माझ्या बाजूला तोंड करून ठेवायचा, पोचा मला दिसेल अशी.

बोलणं तर असं, की गिऱ्हाईक परत येऊ नये म्हणूनच शिकला असावा. कुणी विचारलं, दुसऱ्या मॉडेलची काच घासून बसवता येईल का, तर म्हणायचा, “तुमचा चष्मा बायकोला चालतोय का?” पण हात मात्र असा, की पुण्याच्या शोरूमनं परत पाठवलेल्या गाड्या इथं यायच्या. पंधराव्या वर्षी गावाहून पळून आला आणि शिवाजी पेठेत फोटोंच्या फ्रेमा करणाऱ्याकडे काच कापायला लागला. तिथून बसच्या खिडक्या, तिथून मोटारी. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकवून बघायचा. कार्ड चारही बाजूंनी सारखंच अडलं पाहिजे. एका कोपऱ्यात जरा सैल सरकलं की सगळी काच पुन्हा खाली.

सात महिन्यांनी तो बोलला, ते आपण होऊन. चहा पिता पिता, माझ्याकडे न बघता.

मलकापूरच्या अलीकडं त्याचं गाव. बाप गुंडू, शेतांना दगडी ताली, म्हणजे दगडाचे बांध, घालणारा. सगळी वस्ती छप्पन सालीच बौद्ध झालेली, ते पाटलांच्या घरी खुपलेलंच होतं. प्रसेनजीत दहा-अकरा वर्षांचा असताना गुंडू पाटलांच्या शेतात ताल घालत होता आणि पोरगं दगड पुरवत होतं. चैत्रातलं ऊन. गुंडूनं पाणी मागितलं. पाटलांचा थोरला, हंबीरराव, कॉलेजातून सुट्टीला आलेला. तो बांधावर घागर घेऊन उभा राहिला. त्यांच्या भांड्याला हात लावायचा नाही, म्हणून गुंडूनं खाली वाकून ओंजळ तोंडाला लावली. हंबीररावानं घागर तिरपी केली आणि धार पडायला लागली तशी वर वर उचलत नेली. पाणी ओंजळीत पडेना. डोक्यावर पडलं, कानात गेलं, सदरा भिजला. बांधावरची गडीमाणसं हसायला लागली.

“आणि आमचा आबा बी हसला,” प्रसेनजीत म्हणाला. “नुसता निथळत हुता आणि हसत हुता. प्यायला घोटभर मिळालं न्हाय. त्यांचं मला कवाच काय वाटलं न्हाय बग, त्यांची जातच तसली. पर आबा का हसला?”

आमच्याही घरी वळचणीला कान तुटलेली एक कपबशी उपडी असायची. ती कुणासाठी, हे लहानपणापासून मला माहीत होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. त्या दिवसापासून मी घागरीबद्दल बोलायचं बंद केलं, रेक्झिन मात्र भिजतच राहिलं.

दोन हजार तीनच्या जूनमध्ये एक काळी परदेशी गाडी नाक्यावर आली. टपावर निळी ताडपत्री, सुतळीनं बांधलेली. मागच्या दारातून आधी पोट उतरलं, मग हंबीरराव. मी त्याला पेपरातल्या फोटोंवरून ओळखलं. आता दूध संघाचा चेअरमन, बोटांत अंगठ्या, बरोबर दुसऱ्या गाडीतून चार कार्यकर्ते. गाडी मुंबईच्या कुणा शेठकडून घेतलेली, टपात उघडझाप होणारी काच असलेली. सनरूफ म्हणतात तिला, पण आमच्याकडं तेव्हा असली गाडी बघायला माणसं रस्ता ओलांडून यायची.

ती काच फुटली कशी, हे जोतीराम नावाच्या त्याच्या ड्रायव्हरनं मला हळूच सांगितलं. गाडीची पूजा होती. एका उत्साही कार्यकर्त्यानं गाडीवरून नारळ उतरवला आणि टपावरून पलीकडं भिरकावला. काच काळी, टप काळा. त्याला वाटलं सगळा पत्राच. नारळ आखूड गेला, टपावरच पडला. नारळाला साधी चीर गेली नाही, काचेचा मात्र साबुदाण्यासारखा चुरा होऊन आत सांडला. पुण्याला विचारलं तर दोन महिने थांबा म्हणाले. मलकापूरचा पाऊस दोन दिवस थांबत नाही.

“काय पावणं, जमंल का?” हंबीररावानं विचारलं.

प्रसेनजीतनं त्याच्याकडं बघितलं आणि हातातलं रबर खाली ठेवलं. मी पत्र्याआडून बघत होतो. प्रसेनजीतनं त्याला ओळखलं होतं.

“जमंल.”

“गाव कुठलं तुमचं?”

प्रसेनजीतनं गाव सांगितलं. हंबीररावाच्या भुवया वर गेल्या. “आमच्याच गावचा की. कुणाचा रं तू?”

एका वाक्यात ‘तुमचं’चं ‘तू’ झालं. प्रसेनजीत म्हणाला, “गुंडू कांबळ्याचा.”

“गुंडूचा व्हय?” हंबीरराव कार्यकर्त्यांकडं वळला. “लई हसरा माणूस हुता. कायबी करा, हसायचाच. आता कुठं ऱ्हायलीत तसली माणसं.”

सुंभ जळतो, पीळ जात नाही, पण याचा तर सुंभसुद्धा जळलेला नव्हता. त्याला तो बांध आठवतच नव्हता. आठवलं असतं आणि लाज वाटून गप्प बसला असता, तर मी समजू शकलो असतो. त्याच्या लेखी ते झालंच नव्हतं. माझ्या हातात कात्री होती, तिची मलाच भीती वाटली.

“चार दिवसांनी या,” प्रसेनजीत म्हणाला.

मुंबईच्या भंगार बाजारातून त्याच मॉडेलची काच आली. ती बसवणं एक दिवसाचं काम. बाकीचे दिवस प्रसेनजीत चुऱ्याच्या मागं लागला. त्या काचेच्या चौकटीभोवती बारीक पन्हळ असते. रबरातून थोडं पाणी आत येतंच, ते पन्हळीत पडतं आणि चार कोपऱ्यांतल्या चार नळ्यांतून, गाडीच्या खांबांमधून खाली जमिनीवर जातं. नळी तुंबली की पाणी सरळ आतल्या माणसाच्या डोक्यावर. चारही नळ्यांत चुरा गेला होता. सायकलच्या ब्रेकची तार घालून तो एक एक कण काढत बसला.

तिसऱ्या दिवशी मी पत्र्याच्या कडेनं म्हणालो, “तीन काढल्यास, चौथी ऱ्हाऊ दे. मालक बसतोय त्या बाजूची. एका घागरीत कळायचं न्हाय. मलकापुरात आठ दिवस झड लागली की आपोआप टाळूवर धार लागंल. कोण बघाय आलंय?”

मी हे मनापासून सांगत होतो. त्याच्या जागी मी असतो तर चारही नळ्या तुंबवल्या असत्या.

तो तार फिरवत राहिला. मग म्हणाला, “गळलं तर त्यो म्हणंल, असल्या माणसाचं काम असंच असतंय. मग त्यो जलमभर खरा ठरंल.”

“मग त्याला तसाच सोडणार व्हय?”

त्यानं तार चौथ्या नळीत घातली. मला त्याचा संताप आला. इतकी वर्षं माझं रेक्झिन भिजवणाऱ्या माणसाला आता नेमकं कुणावर पाणी ओतायचं ते कळत नाही, असं वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी हंबीरराव आला, लवाजम्यासकट. गाडी तयार. टपात काच अशी बसलेली, की नखानं शोधावी तेव्हा सांधा लागावा. प्रसेनजीतनं मागचं दार उघडलं. “बसा आत. पाणी मारून बघायचंय.”

“जोतीराम बसंल.”

“गाडी ज्याची त्यो बसतोय.”

“मी कशाला बसू? वेळ न्हाय मला.”

“मग काच काढून ठेवतो.” प्रसेनजीतनं किल्ली खिशात टाकली. “ताडपत्री हाय की तुमची.”

एक कार्यकर्ता पुढं सरकला, “कुणाशी बोलतोयस?” म्हणाला. प्रसेनजीतनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी हातातली कात्री खाली न ठेवता गाळ्याबाहेर येऊन उभा राहिलो. का आलो, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. पश्चिमेला आभाळ काळं झालेलं. हंबीररावानं आभाळाकडं बघितलं, तोंडातल्या तोंडात शिवी हासडली आणि आत बसला. दार लागलं.

प्रसेनजीतनं काचेखालचं आतलं झाकण आधीच सरकवून ठेवलं होतं. तो स्टुलावर चढला आणि पहिली घागर ओतली. पाणी काचेवरून चारी बाजूंना गेलं. आत थेंब नाही. हंबीररावानं दाराला हात घातला.

“बसा. अजून हाय.”

एका काचेला एक घागर, हा नियम मला पाठ होता. त्यानं रिकामी घागर खाली धरली, पाण्याच्या पिंपाकडं जायला स्टुलावरून उतरणार, तेवढ्यात मी ती त्याच्या हातातून घेतली. जिला लाथ घातली होती ती घागर मी भरून वर दिली. त्यानं माझ्याकडं एक क्षण बघितलं. दुसरी घागर त्यानं जरा वरून ओतली. तिसरी खांद्याच्या उंचीवरून. चौथी डोक्याच्या. माझ्या गाळ्यात पाण्याचा लोट गेला आणि नवं कोरं रेक्झिन भिजलं. भिजू दे म्हटलं.

आत हंबीरराव कोरडा होता. पण प्रत्येक धारेला मान खांद्यात ओढून घ्यायचा. थेंब पडतो का बघायला त्यानं दोन्ही हात वर केले, काचेखाली, तळवे जोडून. धार वर आपटत होती आणि तो ओंजळ धरून वर बघत होता. त्याच्या डोळ्यांसमोर पाणी, पाण्यापलीकडं घागर, घागरीमागं प्रसेनजीतचं तोंड. मी खिडकीतून बघत होतो. त्यानं हळूहळू नजर खाली आणली आणि स्वतःच्याच ओंजळीकडं बघितलं. चेहरा उतरला. बांध आठवला होता त्याला.

प्रसेनजीत स्टुलावरून उतरला. घागर खाली ठेवली. खिडकीची काच खाली घ्यायची खूण केली.

“थेंब आला?”

“न्हाय.”

“कुठंच?”

“न्हाय म्हटलं की.”

“आमच्या आबाच्या अंगावर पडलं हुतं. तुमच्या हातनं.” आवाज चढला नाही. नळ्या साफ करताना असायचा तसाच तो बोलत होता. “तरी त्यो हसला. तुमास्नी तर कोरडं ठेवलंय. हसा की.”

कार्यकर्ते, जोतीराम, रस्त्यानं थांबलेली दोन-चार माणसं, सगळी बघत होती. किल्ली प्रसेनजीतच्या खिशात होती. हंबीररावाला शिवी देता आली असती. त्यानं तोंड उघडलं, पण शिवी आली नाही. त्यानं एकदा आपल्या माणसांकडं बघितलं, एकदा प्रसेनजीतकडं. मग त्याचा वरचा ओठ हलला, दात दिसले आणि घशातून कसलासा आवाज आला.

हंबीरराव हसला. तसलं हसू मी पहिल्यांदाच पाहत होतो. प्रसेनजीतनं ते एकदा पाहिलं होतं.