जमादारची मान

अमरावतीहून टांगा निघाला तेव्हा जमादारचं डोकं माझ्या मांडीवर होतं. साठ सालानंतरची ही गोष्ट. जमादार म्हणजे आमचा कुत्रा, अंगाने वासराएवढा. दोन महिन्यांपासून त्याचे मागचे पाय लटपटत होते. आता उठतानाही तो कण्हायचा. अकोल्याचे जनावरांचे डॉक्टर वानखडे "मानेचं ऑपरेशन करून पाहू" म्हणाले होते. त्या 'पाहू'नेच माझी झोप उडाली होती.

बडनेरा स्टेशनच्या वाटेवर खड्डा आला, मी जमादारला सावरायला गळपट्टा ओढला आणि तो केकाटला. टांगेवाले रहीमभाई मागे वळले.

"मास्तर, गळ्याले काहून ओढता? माहा घोडा टांगा ओढते तो छातीनं. गळ्यानं ओढला तर मरून जाईन."

स्टेशनात गार्ड अडून बसला. साखळीशिवाय कुत्रा घेणार नाही, कायदा आहे. रहीमभाईंनी टांग्यातला जुना चामडी पट्टा काढला, जमादारच्या छातीभोवती बांधला आणि साखळी त्यात अडकवली. गार्डाची तक्रार मिटली.

मूर्तिजापूरला आलूबोंडे (बटाटेवडे) घेऊन मी जमादारला ठेवलेल्या गार्डाच्या डब्याकडे धावलो. जमादारने तोंड फिरवलं. हा खादाड गडी खाणं नाकारतो म्हटल्यावर मीही पुडा तसाच बांधून ठेवला. वाटेतली कपाशीची शेतं मी पाहिलीच नाहीत, खोटं कशाला सांगू?

अकोल्यात डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे फोटो उजेडात धरला.

"गुरुजी, मणक्यांमधली गादी सरकली. आतल्या मज्जारज्जूले दाबून राहिली. गळ्याकडून उघडून तेवढी काढतो. हमी देत नाही."

"माझ्या ओढण्याने झालं का?"

"तसं नाही म्हणत. पण दर हिसक्याले दुखलं असन."

फिरताना तो थबकला की मी त्याला आळशी म्हणून हिसके देत असे. डॉक्टरांकडे मला बघवेना.

ऑपरेशन चाललं तोवर मी बाहेर कडुनिंबाखाली बसून होतो. दुपार टळल्यावर डॉक्टर आले, सदरा घामाने भिजलेला.

"श्वास घेऊन राहिला. पायांचं मंग पाहू."

पाचव्या दिवशी त्याने मागचा पाय हलवला. शाळेची रजा संपत आली तेव्हा तो झोकांड्या खात का होईना, दवाखान्याच्या अंगणभर चालला. मी डॉक्टरांसमोर रडलो.

परतताना अकोल्याचा गार्ड वेगळा होता, मागणी तीच. मी पट्टा हातात घेताच जमादारने सवयीने मान पुढे केली आणि डोळे गच्च मिटले. घरीही तो रोज असंच करायचा. किती लाडात येतो बघा, असं मी पाहुण्यांना कौतुकाने सांगत असे.

पट्टा मी छातीला बांधला. तरी बराच वेळ त्याने डोळे उघडले नाहीत.