पडद्यावरची जास्तीची फुलं

अकोल्याहून पुतणीचा, पिंकीचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला घरी, खिडकीशी बसून लेन्स साफ करत होतो. "काका, आई गेली," एवढंच ती बोलू शकली. आम्ही अकोल्याला निघायची घाई करत होतो तोच तिचा पुन्हा फोन... "काका, पेपरात द्यायले आईचा एक चांगला फोटो आणजा. तुमच्याजवळ तं असतीनच." असतीनच! घरातला फोटोवाला मीच. माझ्याजवळ वहिनीचे फोटो नसतील, हे त्या पोरीच्या मनातही आलं नाही.

गाडी बायको चालवत होती आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन मूर्तिजापूर येईपर्यंत शोधत होतो. बारशी, वाढदिवस, दिवाळ्या. एकात वहिनीचा पंगतीत वाढणारा हात होता, एकात पाठ, एकात नुसता पदर. मागचं सगळं धूसर करणारी लेन्स मी मोठ्या हौसेनं घेतली होती; त्या धूसरात बहुतेक वेळा वहिनीच उभी असायची. शेवटी पेपरात छापला तो तिच्या ओळखपत्रावरचा फोटो. त्यात ती घाबरल्यासारखी दिसते. ती कुणाला घाबरणारी बाई नव्हती.

दादाचं लग्न होऊन ती घरात आली तेव्हा मी नववीत होतो. माहेराहून आणलेल्या सामानात तिचा एक साधा रोलचा कॅमेरा होता. तो तिनं माझ्या हातात दिला. "भाऊजी, हे तुमीच सांभाळा. मी फोटो काढतो तं सगळ्याइचे मुंडके उडतेत." रोल लवकर संपेल या भीतीनं मी घरातला शेवटचा माणूस येऊन उभा राहीपर्यंत बटण दाबत नसे. त्या फोटोंत डोळे मिटलेले आहेत, भिंती तिरप्या आहेत, पण घर पूर्ण आहे. आणि मधोमध हसणारी वहिनी... विशीतली. तेराव्याला ते फोटो कसे लावणार?

पुढे नोकरी लागली, अमरावतीत घर झालं आणि कॅमेरे मोठे होत गेले. मी माणसांची वाट पाहणं सोडून उजेडाची वाट पाहायला लागलो. दर वर्षी महालक्ष्म्यांना अकोल्याला दादाकडे जायचो तेव्हा खांद्यावर ही मोठी बॅग. वहिनी दारातच म्हणायची, "काय भाऊजी, कॅमेरा एवढा मोठा घेतला, मंग मानसं कावून मावत नाही त्याच्यात?" सगळे हसायचे. मीही.

एका वर्षीची गोष्ट सांगायला हवी. महालक्ष्म्या सजल्या होत्या आणि खिडकीतून तिरपं ऊन नेमकं त्यांच्या मुखवट्यांवर आलं होतं. मी सगळ्यांना भराभर उभं केलं. वहिनी सोवळ्यात होती, नैवेद्य व्हायचा होता. तिला कुणाला शिवून चालणार नव्हतं. "भाऊजी, थोडकंसं थांबा न. नैवद्य झाला का येतोच मी." मी म्हणालो, "ऊन जाईल वहिनी." ऊन जाईल म्हणून मी थांबलो नाही. तरी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात आंबिलीची पळी, कपाळावर घाम, आणि फोटोत यायचंच असा चेहरा.

फोटो अप्रतिम आला. फक्त कोपऱ्यात, दारात ती अर्धवट दिसत होती आणि माझी चौकट बिघडत होती. अमरावतीला येऊन मी संगणकावर तिला फोटोतून काढून टाकलं. दाराचा पडदा एका बाजूला सारलेला होता. त्याच्यावरची फुलं उचलून उचलून तिच्या जागी बसवली. मूळ फोटो ठेवलासुद्धा नाही. मग मोठी प्रिंट काढली, काचेत मढवली आणि दिवाळीला दादाच्या बैठकीत टांगली. काचेला कुणी बोट लावलं की मी ओरडायचो.

वहिनी बराच वेळ फोटोसमोर उभी होती. मग म्हणाली, "ह्या पडद्यावर एवढी फुलं नवती भाऊजी. मीच शिवला न तो."

मी काय बोललो? "चांगल्या कॅमेऱ्यात सगळंच जास्त दिसते वहिनी." ती हसली आणि चहा ठेवायला आत गेली. त्यानंतर मी कॅमेरा काढला की ती आपणहून बाजूला व्हायची. "होऊ द्या तुमचं, मी येतो मंग." मी एकदाही म्हटलं नाही, की वहिनी, या.

ओळखीचे लोक मला विचारतात, घरचे फोटो चांगले यायला कोणता कॅमेरा घ्यावा? यावर मी तासभर बोलत असे. आता तोंड उघडत नाही. पण कॅमेऱ्यावर ढकलून मला सुटताही येत नाही. त्यानं तर वहिनीला नीट टिपलं होतं, पळीवरून ओघळणाऱ्या आंबिलीसकट. हातात साधा मोबाइल असता तरी मी तिच्यासाठी थांबलोच नसतो.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. बैठकीत दादा, पिंकी आणि मी. मी म्हणालो, "दादा, त्या फोटोत वहिनी होती. मी काढून टाकली."

दादा फोटोकडेच पाहत होता. "माईत हाय मले. कोनी पावना आला का त्याले दाखवे न ते. म्हने, मी ह्या पडद्यामांगं हाय."

हसत सांगायची का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पिंकीला आईच्या फोटोला हार घालायचा होता; पण ओळखपत्रावरच्या त्या चेहऱ्याला हार घालायला तिचे हात उठेनात. आणि या मोठ्या फोटोत तर आम्ही सगळी जिवंत माणसं! दादा उठला. देवघरातून कुंकवाची कोयरी घेऊन आला आणि काचेवर, पडद्याच्या त्या जास्तीच्या फुलांवर त्यानं ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. काचेवर लाल ठसा उमटला, थोडा खाली ओघळला...

सवयीनं माझा हात खिशात गेला. लेन्स साफ करायचं मऊ फडकं बाहेर आलं होतं.

"काका," पिंकी म्हणाली, "राहू द्या ते."