कानसेनचे चार इंजेक्टर

गल्लीत त्यांना सगळे कानसेन म्हणत. गाडीदुरुस्तीचं त्यांचं दुकान घराच्याच पुढच्या भागात होतं. त्यावर पाटी नव्हती, आणि तिच्यावाचून काही अडलंही नाही. जुन्या गाडीचा कार्बुरेटर सुरात लावून घ्यायचा तर त्यांच्याकडूनच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाईक इंजिन चालू ठेवूनच दारात थांबायचं आणि हे आतून हात पुसत पुसत म्हणायचे, "एक प्लग मरतोय. बॉनेट उघडा, आलोच." मग कार्बुरेटरवरचे दोन स्क्रू, पाव फेरा इकडे, केसभर तिकडे, मान एका बाजूला कललेली. इंजिन एका सुरात चालायला लागलं की गिऱ्हाईकसुद्धा आपोआप हळू बोलू लागे.

"माझं बोलणं सोडून यांना सगळं ऐकू येतं," त्यांची बायको म्हणायची. ही थट्टा होती. पुष्कळ वर्षं ती थट्टाच राहिली.

मग तिचं बोलणं त्यांना खरंच ऐकू येईना.

तिचा आवाज मुळात बारीक. आधी बारीक आवाज गेले. दाराची घंटा, फोन, गळका नळ. नळ गळायचा थांबला म्हणून ते खूश झाले होते. बायकोने त्यांचा हात धरून नळाखाली नेला तेव्हा तळहातावर थेंब पडला. डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि सांगितलं की जन्मभर इंजिनाशेजारी काढल्याने आतल्या नसा झिजल्या आहेत, गेलेलं परत यायचं नाही, उरलेलंही हळूहळू जाईल. कानाचं यंत्र दिलं. ते लावलं की बोलणं, हातोडी, खुर्ची सरकवणं, सगळं सारखंच अंगावर यायचं. दुसऱ्या आठवड्यात यंत्र कपाटात गेलं.

त्यांनी ही गोष्ट कुणाला कळू दिली नाही. झाकली मूठ झाकलेली राहावी म्हणून बायको दिवसभर दुकानाच्या दारात शिवणटिपण घेऊन बसू लागली. गिऱ्हाईक पाठीमागून बोललं की ती त्यांच्याकडे बघून मान हलवायची. पण इंजिनाचं काय? एका टॅक्सीवाल्याची गाडी त्यांनी लावून दिली आणि ती चार दिवसांत काळा धूर ओकत परत आली. "पेट्रोलमध्ये भेसळ असेल," ते म्हणाले. टॅक्सीवाला जुना माणूस; त्याने वाद घातला नाही. तो पुन्हा आलाही नाही. भेसळ कशात होती ते त्यांना पक्कं माहीत होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्यानंतर त्यांनी ठरवलं की आपल्या स्वतःच्या जुन्या गाडीचा कार्बुरेटर काढायचा आणि तिला पेट्रोलचा फवारा सोडणारे इंजेक्टर बसवायचे. इंजेक्टरच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते एक छोटा संगणक ठरवतो. इंजिनाचं सगळं दुखणं पडद्यावर आकड्यांत दिसतं.

"ऐकू येत नाही त्याला वाचता तर येतं ना?" ते बायकोला म्हणाले. "आधी आपल्या गाडीवर शिकतो. जमलं तर लोकांच्या गाड्या घेईन."

"आणि नाही जमलं तर?" हे तिने तोंड फिरवून विचारलं, म्हणजे ओठ त्यांना दिसू नयेत.

पुढचे काही आठवडे मात्र बरे गेले. हात आणि डोळे अजून त्यांचेच होते. ज्या नळकांड्यांतून हवा इंजिनात जाते त्यांना वरून भोकं पाडून त्यांनी इंजेक्टरसाठी चार बैठका वेल्ड केल्या. फवारा नळकांड्याच्या भिंतीवर आपटला तर पेट्रोल ओघळतं. तो नेमका व्हॉल्व्हच्या पाठीवर पडायला हवा. म्हणून प्रत्येक बैठकीत सरळ सळई घालून, एक डोळा मिटून, ती कुठे टेकते ते बघायचे आणि पुन्हा कानशीने घासायचे. ते शीळ घालत काम करू लागले. शीळ भलतीच बेसूर होती, पण बायकोने ते सांगितलं नाही.

इंजेक्टर आणायला ते भंगारवाल्याकडे गेले. त्याने दोन पिशव्या रिकाम्या केल्या. एका पिशवीतले मोठ्या इंजिनाचे, चकचकीत. दुसरीतले यांच्या गाडीएवढ्याच इंजिनाचे, पण काळवंडलेले.

"मोठे न्या की," भंगारवाला त्यांच्या तोंडाशी येऊन म्हणाला. "कमी पडण्यापेक्षा जास्त झालेलं बरं."

"पळीने दिव्यात तेल घालायला जाशील तर दिवाच विझेल," ते म्हणाले. मोठा इंजेक्टर पापणी लवायच्या आत उघडून मिटला तरी गाडी नुसती उभी असताना जास्तच पेट्रोल टाकणार, आणि इंजिन गुदमरणार. फार लहान घेतला तर वेगात पेट्रोल पुरायचं नाही आणि पिस्टन भाजून निघेल. त्यांनी काळवंडलेले चार निवडले, टोकं भिंगाखाली बघितली, आणि फडक्यात गुंडाळून घरी आणले.

इंजेक्टर जिवंत आहे की नाही ते बघायची साधी रीत असते. क्षणभर बॅटरीची तार लावायची. आतली सुई उचलली गेली की 'टक्' असा आवाज येतो. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि तार चिकटवली. काही नाही. दुसरा घेतला. काही नाही. चारही झाले. भंगारवाल्याने फसवलं म्हणून ते पुटपुटत उठले, तेवढ्यात बायको शिवण ठेवून आली आणि तिने त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला.

तिने तो कानाला लावला. त्यांनी तार टेकवली. तिने एक बोट वर केलं. दुसऱ्या इंजेक्टरला दुसरं, तिसऱ्याला तिसरं. चौथ्याला ती वाकून बराच वेळ थांबली आणि तिने नाही अशी मान हलवली.

तीन चांगले होते आणि एक अडकलेला. त्यांना तर चारही मेलेलेच वाटले होते. ते स्टुलावर बसून राहिले. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

अडकलेला इंजेक्टर साफ करायचं आणि चारही सारखे चालतात का ते तपासायचं यंत्र गावात एकाच ठिकाणी होतं. त्यांच्या धाकट्या भावाच्या गॅरेजमध्ये.

धाकटा पोरवयात आईवेगळा झाला तेव्हापासून या दोघांनीच त्याला वाढवलेला. कामही तो इथेच शिकला. मग एक दिवस त्याने म्हटलं, दादा, आता आपणही संगणकाची यंत्रं घेऊ. त्यावर कानसेन भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते, "ज्याला कान नाहीत त्याने पडदा बघावा." लोक हसले. धाकट्याने वर्ष सरायच्या आत वेगळं गॅरेज काढलं. वहिनीला भेटायला तो येई, पण दादा घरी नसेल तेव्हा.

ते गेले तेव्हा धाकट्याने काही न विचारता फडकं उलगडलं. चारही इंजेक्टर यंत्रावर लावले. खाली काचेच्या चार नळ्या होत्या. तीन नळ्यांत फवारा उतरू लागला, चौथी कोरडी. धाकट्याने तो इंजेक्टर औषधाच्या पाण्यात टाकला आणि पाठमोरा उभा राहून पाणी थरथरताना बघत राहिला. त्याचे खांदे जरासे हलले, मान किंचित वळली. काहीतरी बोलला असावा. कानसेन नळ्यांकडे बघत राहिले. थोड्या वेळाने धाकट्याने इंजेक्टर पुन्हा लावला. आता चारही नळ्या एका पातळीला भरल्या.

"संगणक बसवायला मी येतो," धाकटा निघताना समोर येऊन म्हणाला. "तुला एकट्याला नाही जमणार." चेहरा मात्र दगडासारखा होता.

तो सुट्टीच्या दिवशी सकाळी आला. दोघांनी मिळून इंजेक्टर बसवले. रबरी कड्यांना तेलाचं बोट लावून, न पिळता, सरळ खाली दाबत. वर पेट्रोलची समाईक नळी आवळली, पंप चालू करून सांध्यांवरून कोरडा कागद फिरवला. कुठे ओल नव्हती. धाकट्याने गाडीचा छोटा संगणक बसवून त्याला लॅपटॉप जोडला, तो बॉनेटच्या कडेशी ठेवला आणि खूण केली. बायको दारात उभी होती. कानसेन गाडीत बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

गाडी हादरली, एकदा ठसकली आणि सुरू झाली. लॅपटॉपवर धाकट्याची बोटं चालू लागली. स्टिअरिंगच्या चाकातून येणारी थरथर कमी कमी होत गेली. कानसेन बायकोकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. मग त्यांनी समोर बघितलं. हातातलं चाक शांत झालं होतं. पायाखाली काही नव्हतं. गाडी बंद पडली.

त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली.

धाकट्याने दचकून दोन्ही हात वर केले. बायकोचा हात तोंडावर गेला. काय झालं ते त्यांना कळेना. घाईत त्यांनी आणखी एकदा फिरवली आणि धरून ठेवली. बायको धावत आली, खिडकीतून हात घालून तिने त्यांचं मनगट पकडलं. "अहो, चालू आहे," ती त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "गाडी चालूच आहे."

चालत्या इंजिनावर स्टार्टर घातला की दात दातांवर घासून जी किंकाळी उठते ती अख्ख्या गल्लीने ऐकली होती.

धाकट्याने इंजिन बंद केलं. तो खिडकीपाशी आला.

"कधीपासून?" त्याने विचारलं. मग त्याने वहिनीकडे बघितलं.

"चार वर्षं होतील," ती म्हणाली. "कुणाला सांगू नको म्हणाले."

"मलासुद्धा?"

"तुला तर मुळीच नाही."

धाकटा गाडीत शेजारच्या सीटवर येऊन बसला. त्याचा आवाज जाड, आणि जवळून बोलला तर अजून थोडा कळायचा. "त्या दिवशी गॅरेजमध्ये मी तुला विचारलं होतं, दादा," तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "अजून राग आहे का, म्हणून. तू काही बोललाच नाहीस. मला वाटलं, आहे."

कानसेननी चाकावरचे हात खाली घेतले. "राग माझा नव्हताच कधी," ते म्हणाले. आपण किती मोठ्याने बोलतोय याचा त्यांना अंदाज नव्हता. शेजारच्या खिडक्यांतून लोक बघायला लागले. "तुझा असेल म्हणून मी येत नव्हतो."

त्यांनी दुकान त्याच महिन्यात बंद केलं. पडद्यावरचे आकडे ते शिकले, पण गाडी चालू आहे की बंद हेच ज्याला विचारावं लागतं त्याने लोकांची गाडी कशी घ्यावी, असं म्हणून त्यांनी स्वतःच नाही म्हटलं. ते धाकट्याच्या गॅरेजमध्ये काचेच्या नळ्यांच्या यंत्रापुढे बसू लागले. काम चोख करायचे. नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हातारा जरा घुमा आहे. दोन वर्षांत धाकट्याचा जाड आवाजही गेला.

गाडी उत्तम चालते. ती आता धाकटा चालवतो. सुट्टीच्या दिवशी तो दोघांना घेऊन गावाबाहेर जातो. वहिनी पुढे बसते, दादा मागे. पुढची दोघं सारखी बोलत असतात. मध्येच हसतात. मग ती मागे वळून, ओठ सावकाश हलवत, कशाला हसलो ते सांगते. त्यांना ते कळेपर्यंत पुढे दुसराच विषय निघालेला असतो. ते हसतात. ती पुन्हा पुढे वळते आणि ते खिडकीतून बाहेर बघत बसतात.